एकटीनं जर्मनीला: सांगलीहून माग्डेबुर्गला गेल्यापासून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०१८ मध्ये मी सांगलीहून माग्डेबुर्गला मास्टर्ससाठी गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तोवर एकटीनं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सांगली-पुणे एसटी. आता श्टुटगार्टमध्ये नोकरी करते. दर उन्हाळ्यात आत्याच्या मैत्रिणीचा मुलगा, बाबांच्या ऑफिसातल्या काकांची भाची, जुन्या क्लासच्या बाईंचा कुणीतरी विद्यार्थी असे फोन सुरू होतात, आणि प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न पोरांचे आहेत, काही त्यांच्या आयांचे. आयांचे जास्त अवघड असतात.

आकडे २०२६ चे आहेत. अर्ज भरायच्या दिवशी वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या.

प्र. एजंट लागतो का?

नाही. सरकारी विद्यापीठांचे अर्ज एक तर थेट त्यांच्या संकेतस्थळावर भरायचे असतात, नाही तर युनि-असिस्ट नावाच्या सामाईक संस्थेमार्फत. तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. अभ्यासक्रम शोधायला डाडची यादी फुकट आहे. डाड ही जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था.

एजंट वाईटच असतो असं नाही. पण त्याला दलाली मिळते ती खाजगी विद्यापीठांकडून, हे लक्षात ठेव. म्हणून "तुझे मार्क कमी आहेत, सरकारीत होणार नाही" हे वाक्य त्याच्या तोंडी फार लवकर येतं. फुकट शिकवणाऱ्या देशात जाऊन वर्षाला दहा-बारा हजार युरो फी भरणारी मुलं मी बघितली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी सरकारीत एकही अर्ज टाकलेला नव्हता.

प्र. सगळ्यात आधी कशाला हात घालू?

एपीएसला. तुझ्या पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत हे तपासून दाखला देणारं हे कार्यालय आहे, दिल्लीतल्या जर्मन वकिलातीशी जोडलेलं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी हा दाखला लागतोच. माझ्या वेळी ही भानगड नव्हती. दाखल्याला आठवडेच्या आठवडे जातात, आणि हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा शेवटच्या सत्राचा निकाल लागेपर्यंत वाट बघत बसू नकोस. बाकीची कागदपत्रं आत्ताच गोळा कर. आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर ट्रान्सक्रिप्टसाठी किती खेटे घालावे लागतात ते तुला मी काय सांगू!

एक गंमत म्हणजे जर्मनीत गुण उलटे असतात. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५ म्हणजे नापास. पहिल्या परीक्षेत मला १.७ मिळाले आणि मी ते आनंदानं घरी सांगितलं. फोनवर बराच वेळ कोणी बोललंच नाही.

प्र. पैसे नक्की किती लागतात?

फीचा प्रश्न बहुतेक सरकारी विद्यापीठांत येत नाही. दर सत्राला एक वर्गणी असते, शहराप्रमाणे शे-सव्वाशेपासून साडेतीनशे युरोपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच ट्राम-बस-रेल्वेचा पास येतो. अपवाद ठळक आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे, आणि मास्टर्सला ती सत्राला चार ते सहा हजार युरो आहे.

खरा आकडा आहे ब्लॉक्ड अकाउंटचा. जर्मनीत एक वर्ष राहण्याइतके पैसे तुझ्याकडे आहेत हे दाखवायला ११,९०४ युरो आधीच एका खात्यात भरून ठेवायचे, आणि तिथं पोचल्यावर दर महिन्याला त्यातले ९९२ तुला मिळणार. युरो शंभराच्या वर आहे, म्हणजे बारा लाखांच्या पुढचा हिशेब. माझ्या वेळी हीच रक्कम ८६४० होती. हे पैसे खर्च झालेले नसतात, तुझेच असतात, हे घरी नीट समजावून सांग. माझ्या आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की बाबांनी जर्मन सरकारला देणगी दिली.

कर्ज काढणार असाल तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस नावाचा आगाऊ कर कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर मात्र कापत नाही. कापलं गेलंच तर आयकर विवरणपत्रात ते वळतं होतं, बुडत नाही.

आणि हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते: ते ९९२ पहिल्या दिवशी हातात पडत नाहीत. आधी तिथलं साधं बँक खातं लागतं. पहिल्या दीड महिन्याचं भाडं, अनामत आणि खाणंपिणं भागेल एवढे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेव. मी ठेवले नव्हते. पुढं लेटरबॉक्सच्या प्रश्नात त्याची कहाणी आहे.

प्र. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. मग जर्मन शिकायची खरंच गरज आहे?

वर्गात नाही. वर्गाच्या बाहेर पाऊल टाकलंस की आहे. भाडेकरार, विमा, दवाखान्यातली स्वागतिका, कचऱ्याचं वेळापत्रक, सगळं जर्मनमध्ये. नोकरीच्या वेळी तर फारच. माझ्या बॅचमध्ये ज्यांनी भाषा टाळली त्यांना नोकरीला सगळ्यात वेळ लागला, आणि त्यातले दोघे माझ्यापेक्षा हुशार होते. भाषेच्या परीक्षांच्या पातळ्या असतात, ए१ पासून पुढं चढत्या. निघण्याआधी ए२ तरी कर, बी१ झालं तर उत्तम. पुण्यात असशील तर बोट क्लब रोडचं मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे.

एक आतली गोष्ट सांगते. मराठी माणसाला जर्मन इतकी परकी वाटायचं कारण नाही. तिथंही तीन लिंगं आहेत, आपल्यासारखीच. हिंदीवाल्या मैत्रिणीला नपुंसकलिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, आपण "ते झाड, ते घर" म्हणतच मोठे झालो. अर्थात शब्दागणिक लिंग जुळेल अशी आशा धरू नकोस. जर्मनमध्ये चमचा "तो", काटा "ती" आणि सुरी "ते". सूर्य चक्क बाई आहे. आकड्यांतही आपलं बरं जमतं. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो मग वीस, बत्तीस म्हणताना आधी दोन मग तीस. इंग्रजीवरून जर्मन शिकणाऱ्यांची इथं दांडी उडते. एकोणतीसला मात्र आपली दांडी उडते, कारण ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात. आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायची त्यांची सवय तर आपल्या घरचीच आहे.

प्र. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आहे. काही अडचण येते का?

अडचण नाही, करमणूक होते. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच छापलेलं असतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही नावं तुझीच धरतं. माझ्या विम्याच्या कार्डावर, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर, बँकेच्या पत्रावर माझ्या नावाला चिकटून बाबांचं नाव आहे. एका प्राध्यापकांनी तर पहिले दोन आठवडे मला बाबांच्याच नावानं हाक मारली, आणि मीही ओ दिली.

महत्त्वाचं एवढंच की सगळीकडे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असेल तर ते आत्ताच सांगलीत-पुण्यात बसून निस्तर. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अर्ज भरायला बसण्याआधी तो भरून घे.

प्र. व्हिसा नाकारला तर?

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य वकिलातीकडे जातात, आता आधी ऑनलाइन भरून. पूर्वी नकार आला तर पत्र लिहून फेरविचाराची विनंती करता यायची, तिला रेमॉन्स्ट्रेशन म्हणत. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नव्यानं अर्ज, नाही तर बर्लिनच्या न्यायालयात दाद. म्हणजे पहिलाच अर्ज चोख हवा. "हाच अभ्यासक्रम का" हे सांगणारं पत्र स्वतः लिही. विकत घेतलेली पत्रं एकसारखी असतात, आणि ती वाचणारा माणूस रोज तेच वाचत असतो.

प्र. (आईचा) बॅगेत खायला काय काय देऊ?

काकू, आधी काय द्यायचं नाही ते. युरोपबाहेरून दूध-दुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याच्या वड्या नकोत. ताजा कढीपत्ता, आंबे, लिंबंही नकोत. ताज्या फळांत प्रमाणपत्राशिवाय मुभा आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजुराला. मात्र सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून. मुंबई विमानतळावर बॅग उघडून खोबरं काढताना मी लोकांना बघितलं आहे, तिथं उभ्या उभ्या रडकुंडीला येतात माणसं.

आता द्यायचं ते. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग, कोकम, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि एक तीन लिटरचा कुकर, जास्तीच्या रिंगसकट. तांदूळ, डाळी, पोहे, आटा, तूप हे सगळं तिथल्या एशियन दुकानात मिळतं, बॅगेचं वजन त्यात घालवू नका. मिक्सर द्यायचा असेल तर वीजदाब सारखाच आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही.

जाड स्वेटर इथून नेऊ नका. आपल्याकडचं जाड तिथं पातळ असतं.

प्र. घर कसं शोधायचं?

प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज टाक. ती चालवणाऱ्या संस्थेला श्टुडिरेंडनवेर्क म्हणतात आणि तिची प्रतीक्षायादी लांब असते. दुसरा मार्ग वेगे, म्हणजे दोन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर, खोली ज्याची त्याची आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं. माग्डेबुर्ग, केमनिट्स, इल्मेनाऊसारख्या ठिकाणी तीनशे-साडेतीनशे युरोत खोली मिळू शकते. म्युनिकमध्ये सातशे-आठशे सहज जातात. शहर निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीइतकंच हे बघ. ब्लॉक्ड अकाउंटचे ९९२ सगळीकडे तेवढेच असतात.

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात: थंड भाडं आणि गरम भाडं. थंड म्हणजे नुसती जागा, गरम म्हणजे हीटर, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट कधी कधी त्याच्याही बाहेर असतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुला कायद्यानं हक्क आहे.

"मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो, तू अनामत भर" असं सांगणारा घरमालक चोर असतो. प्रत्येक वेळी. घर बघितल्याशिवाय, निदान ओळखीच्या कुणी बघून आल्याशिवाय, एक सेंटही पाठवायचा नाही.

प्र. तू सगळ्यांना लेटरबॉक्स, लेटरबॉक्स म्हणून का सांगत असतेस?

कारण माझं पहिलं संकट त्यावरच आलं.

जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, मग दहा मिनिटांत काम होतं. त्या नोंदीवर पुढचं सगळं उभं असतं: कराचा क्रमांक, बँक, राहण्याचा परवाना. मी ते तिसऱ्याच दिवशी केलं, बँकेत खातंही उघडलं, आणि निवांत बसले. कार्ड पोस्टानं येणार होतं, पिन वेगळ्या पाकिटातून, ऑनलाइन बँकिंगचा संकेतशब्द आणखी वेगळ्या. जर्मनीत महत्त्वाचं सगळं कागदावर आणि पोस्टानंच येतं.

आठवडा गेला, दुसरा गेला. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे त्या खात्याशिवाय निघेनात. माझ्याकडे साठ-सत्तर युरो उरले होते आणि मी दोन्ही वेळा खिचडी खात होते. शेवटी वेगेतल्या जर्मन मुलीला विचारलं की तुमच्याकडे पोस्ट इतकं हळू असतं का. ती मला खाली घेऊन गेली. जिन्याखाली पत्र्याच्या बारा पेट्या, आमच्या पेटीवर चिकटपट्टीवर तीन आडनावं. "तुझं कुठंय?" तिनं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. आपल्याकडे पत्त्यात बिल्डिंग, मजला, फ्लॅट नंबर, मारुतीच्या देवळासमोर असं सगळं असतं, आणि पोस्टमनमामा घरातल्यांना ओळखतात. जर्मन पत्त्यात रस्ता आणि घराचा क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतोच. पोस्टमन फक्त पेटीवरचं नाव वाचतो. नाव नसेल तर तुम्ही तिथं राहत नाही. माझी तिन्ही पाकिटं "व्यक्ती अज्ञात" असा शिक्का घेऊन परत गेली होती. पालिकेच्या दप्तरी मी होते, विद्यापीठाच्या यादीत होते, वरच्या खोलीत तर होतेच. पोस्टमनच्या लेखी नव्हते.

तिनं कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडून हातात दिला. मी जिन्याच्या पायरीवर बसून मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं, चौथ्या ओळीला चिकटवलं आणि नखानं कडा दाबल्या. पाकिटं पुन्हा मागवायला आणखी अकरा दिवस गेले.

तेव्हा किल्ली हातात आली की बॅगा वर न्यायच्या आधी हे काम. दारावरच्या घंटीपाशीही नाव लाव. आणि घर सोडताना पोस्टात पत्ताबदल नोंदवायला विसरू नको.

प्र. माझ्याकडे टीव्ही नाही. मग टीव्हीचे पैसे मागणारं पत्र का आलं?

रुंडफुंकबायट्राग. घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही-रेडिओ असो वा नसो. डोक्यावर नाही, घरावर असतं, म्हणून वेगेत एकानं भरायचं आणि बाकीच्यांनी वाटून द्यायचं. पत्र फसवं समजून फेकू नकोस, थकबाकी चढत जाते.

प्र. जेवणाचं कसं करायचं? मला चहाशिवाय काही येत नाही.

मग निघायच्या आधी महिनाभर घरचा स्वयंपाक तू कर. वरण-भात, खिचडी, पोहे, एक उसळ आणि पोळी येईल इतकं पुरे. पोळीच्या पिठाला तिथल्या सुपरमार्केटमधलं ४०५ नंबरचं घेऊ नको, तो मैदा आहे.

फोडणी देण्याआधी खिडकी उघड आणि दार लाव. छतावरच्या धूरसूचकाला मोहरी आणि आग यातला फरक कळत नाही. आमच्या मजल्यावर एका रविवारी सकाळी माझ्या लसणाच्या फोडणीनं नऊ जण पायजम्यात जिन्यात उभे होते. तिथं रविवारचं मोल फार. दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, बाटल्या टाकायला काचेच्या डब्याकडे जाणंही बंद. त्यामुळे शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची. कोपऱ्यावरचा वाणी रात्री दहाला उघडा असतो हे विसरून जा.

कचऱ्याचे डबे वेगळे: वेष्टनांचा पिवळा, कागदाचा बहुधा निळा, ओला तपकिरी, उरलेला काळा. आणि बाटल्या फेकू नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. महिन्याच्या शेवटी आम्ही त्याच पैशांची बटाटा-कांदा खरेदी करायचो.

श्टुटगार्टला आलात तर केरवोखं भेटेल. तुमचा आठवडा आला की शेजारी दारावर पाटी अडकवून जातो, आणि मग सामाईक जिना तुम्ही झाडायचा-पुसायचा. मला मनापासून आवडतं हे. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "इंजिनियर करून काय उपयोग झाला?"

प्र. शिकताना नोकरी करून सगळा खर्च निघतो का?

राहण्याखाण्याचा बराचसा निघू शकतो. सगळा निघेल या भरवशावर येऊ नको. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. प्राध्यापकाच्या हाताखालचं सहायकाचं काम त्यात धरत नाहीत, म्हणून ते मिळत असेल तर आधी घे. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पहिल्या सत्रात काम घेऊ नको असं मी प्रत्येकाला सांगते आणि कोणी ऐकत नाही. पहाटे पार्सलच्या गोदामात उभं राहून दहाच्या तासाला झोपलेली मुलं त्या सत्रातले दोन-तीन विषय मागं ठेवतात, आणि एक जास्तीचं सत्र म्हणजे सहा महिन्यांचं भाडं.

प्र. (आईचा) मुलगी एकटी राहणार. सुरक्षित आहे का?

काकू, रात्री अकराला प्रयोगशाळेतून ट्रामनं एकटीनं घरी येणं हे मी दोन वर्षं केलं, आणि सांगलीत मला ते जमलं नसतं. हे खरं आहे. दुसरंही खरं आहे. एकदा ट्राममध्ये एक म्हातारा माझ्याकडे बघत बरंच काही बोलला. तेव्हा माझं जर्मन कच्चं होतं म्हणून निभावलं. समोरची बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली, त्यावरून काय बोलला असेल ते कळलं. घर शोधताना आडनाव वाचून उत्तर न येणं, हा अनुभव तर जवळजवळ प्रत्येकाला आहे. शहराशहरात फरक पडतो, छोट्या गावात जास्त जाणवतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाही.

वेगेत मुलं-मुली एकत्र राहतात, ते तिथं साधं आहे. नको असेल तर फक्त मुलींची वेगे शोधता येते. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२. दोन्ही पाठ असू देत.

प्र. आजारी पडलो तर?

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा साधारण १४० ते १६० युरोत मिळतो आणि तो घ्यावाच लागतो. नोंदणीला गेलास की त्याच महिन्यात आपला म्हणून एक घरगुती डॉक्टर गाठ, ताप यायची वाट बघू नको. दवाखाना बंद असताना ११६११७ वर फोन करायचा. सर्दी-तापाला डॉक्टर चहा प्यायला आणि झोपायला सांगतात. आपल्याला इंजेक्शनची सवय असते, फसवल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं.

प्र. खरं सांग, एकटं वाटतं का?

हो. त्याला वेळापत्रक आहे. पहिला महिना धावपळीत जातो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागं जातात, भारताशी अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. संध्याकाळी सहाला तू मोकळी होतेस तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असतात आणि आई पेंगत असते. डिसेंबरात चारला अंधार पडतो. २०१८ ची दिवाळी ७ नोव्हेंबरला होती, बुधवार, माझं प्रॅक्टिकल होतं. खिडकीत एक पणती लावली, तिचा फोटो काढून घरी पाठवला, आणि धूरसूचकाच्या भीतीनं लगेच विझवली. त्या रात्री मी परतीच्या तिकिटांचे दर बघत बसले होते.

काय उपयोगी पडलं ते सांगते. विद्यापीठाच्या खेळांच्या यादीतून मी बॅडमिंटन निवडलं. दर मंगळवारी सातला कोणीतरी माझी वाट बघतंय, एवढं पुरलं. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, तिथं जरूर जा, पण फक्त तिथंच जाऊ नको. आपल्याच सात जणांच्या घोळक्यात दोन वर्षं काढून एकही जर्मन ओळख न झालेले लोक आहेत. आणि दिवसा बाहेर पड, ढग असले तरी.

दोन आठवडे झोप, जेवण, वर्ग सगळं सुटलं असेल तर ते एकटेपणाच्या पुढचं असतं. श्टुडिरेंडनवेर्ककडे समुपदेशक असतात, फुकट, आणि अनेक ठिकाणी इंग्रजीत. रात्री-अपरात्री ०८०० १११०१११ ही हेल्पलाइन आहे, तीही फुकट. मी समुपदेशकाकडे तीन वेळा गेले. घरी हे मी दोन वर्षांनी सांगितलं, तेव्हाच सांगायला हवं होतं.

प्र. भारतातलं बँक खातं, सिमकार्ड यांचं काय?

सिम चालू ठेव आणि निघण्याआधी रोमिंगवर ओटीपी येतो ना ते तपास. भारतातलं प्रत्येक काम त्या सहा आकड्यांवर अडतं. शिकायला गेलेला विद्यार्थीही परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो, त्यामुळे साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यायचं असतं. कर्ज, जमीन अशा कामांसाठी घरातल्या कुणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र करून जा.

प्र. परत येणार की तिकडचीच होणार?

हा प्रश्न लग्नात विचारतात. उत्तर कायद्यात आहे तेवढं देते: पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. मी अजून सोडलेला नाही. माझ्या बॅचमधले चौघे पुण्यात परतले, त्यातला एक आता मला नोकरी देऊ करतोय.

प्र. (बाबांचा) आम्ही इकडे बसून काय करू शकतो?

काका, पहिले तीन महिने रोज "जेवलीस का" विचारा, पण "कसं वाटतंय" हे रविवारीच विचारा. भर आठवड्यात त्याचं उत्तर देणं जड जातं.

आणि पत्र पाठवा. माझ्या बाबांनी पहिल्या नोव्हेंबरात एक पाकीट पाठवलं होतं, आत गल्लीतल्या बातम्या आणि "दै. पुढारी"चं एक कात्रण. त्यांनी पत्त्यात "पटेल चौकातून आल्यासारखं वाटावं" म्हणून सगळं सविस्तर लिहिलं होतं, मजला, डावीकडचं दार, आणि आडनावाआधी "कु." सुद्धा. तरी पोचलं. तुम्ही मात्र नीट लिहा: पहिल्या ओळीत नाव, दुसरीत रस्ता आणि मग घराचा क्रमांक, तिसरीत पाच आकडी पिन आणि मग शहर, खाली देश. अक्षरं रोमन, आडनाव पेटीवर जसं आहे अगदी तसं. पेटीवरचं स्पेलिंग तिला फोटो काढून पाठवायला सांगा.